मुली लवकर वयात का येत आहेत?

मुलगी वयात येऊ लागल्याची पहिली दृश्य खूण म्हणजे स्तनांची वाढ. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. बातम्यांमध्ये या दोन टप्प्यांची हमखास गल्लत होते. युरोपात पाळीचे वय एकोणिसाव्या शतकापासून घटत गेले ते मुख्यतः सुधारलेल्या पोषणामुळे आणि आरोग्यामुळे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही घट मंदावली, पण स्तनवाढ सुरू होण्याचे वय खाली येतच राहिले. संशोधकांपुढचे खरे कोडे हे दुसरे आहे.

ब्रिटनमध्ये मार्शल आणि टॅनर यांनी १९६९ मध्ये बालगृहातील १९२ मुलींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत स्तनवाढीच्या सुरुवातीचे सरासरी वय ११.१५ वर्षे होते. १९९७ मध्ये मार्सिया हर्मन-गिडन्स यांनी अमेरिकेतील १७ हजारांहून अधिक मुलींची पाहणी मांडली. गोऱ्या मुलींत हे वय दहाच्या आसपास, तर कृष्णवर्णीय मुलींत नऊच्याही खाली निघाले. बहुतेक मुलींची तपासणी केवळ नजरेने झाली असल्याने चरबीलाच स्तनवाढ समजले गेले असावे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला, आणि तो गैरवाजवी नव्हता.

कोपनहेगनच्या संशोधकांनी मात्र हाताने चाचपून तपासणी केली. तेथे १९९१-९३ मध्ये १०.८८ वर्षे असलेले वय २००६-०८ पर्यंत ९.८६ वर आले होते. त्याच काळात पाळीचे वय जेमतेम साडेतीन महिन्यांनी घटले. वजनाचा हिशेब वेगळा काढूनही फरक उरला. मेंदूकडून अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके मात्र वाढलेली दिसली नाहीत. २०२० मध्ये जगभरातील ३० अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा १९७७ ते २०१३ या काळात स्तनवाढीचे वय दर दशकाला सुमारे तीन महिन्यांनी घटल्याचे आढळले.

एरवी वयात येण्याचा आदेश मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून सुटतो. त्यासाठी किसपेप्टिन हे प्रथिन आवश्यक असल्याचे २००३ मध्ये उलगडले. शरीरातील चरबी पुरेशी आहे, हे मेंदूला लेप्टिनमुळे कळते. हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून पाझरते. त्यामुळे बालवयातील लठ्ठपणा हे सर्वांत भक्कम कारण ठरते, पण कोपनहेगनचे आकडे केवळ त्याने सुटत नाहीत.

भारताशी जोडलेला एक अभ्यास स्वीडनमधला आहे. तेथे दत्तक गेलेल्या १०७ भारतीय मुलींची पाळी मध्यमानाने ११.६ व्या वर्षी आली, म्हणजे स्वीडिश मुलींच्याही आधी आणि भारतातील सुखवस्तू घरांतल्या मुलींच्याही आधी. सुरुवातीची उपासमार आणि नंतर मुबलक आहारामुळे झालेली झपाट्याची वाढ, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. दोन पिढ्यांत आहार पालटलेल्या कुटुंबांनी याकडे लक्ष द्यावे.

रसायनांवरील संशय निराधार नाही. मिशिगनमध्ये १९७३ मध्ये आग रोखणारे पीबीबी हे रसायन चुकून पशुखाद्यात मिसळले गेले आणि दूध-मांसातून माणसांत उतरले. गर्भात असताना त्याचा जास्त संपर्क आलेल्या आणि आईचे दूध प्यालेल्या मुलींची पाळी इतरांपेक्षा सहा महिने ते वर्षभर आधी आली. मात्र रोजच्या वापरातील प्लास्टिक किंवा सौंदर्यप्रसाधनांबाबत इतका स्पष्ट पुरावा नाही. निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्याकडे दोष दिला जातो तो म्हशींना टोचल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनला. ते इंजेक्शन जनावरांच्या दृष्टीने वाईटच, पण दुधातून आलेले ऑक्सिटोसिन आतड्यात पचून जाते. मुली लवकर वयात येण्याचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत इटलीतील आणि पुढे पुण्यातील डॉक्टरांनीही अकाली वयात आलेल्या मुलींचे प्रमाण वाढल्याचे नोंदवले. घरबसल्या वाढलेले वजन, थांबलेले खेळ आणि ताण यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता आलेले नाही.

लवकर पाळी आलेल्या स्त्रियांत पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, आणि हाडांची वाढ आधी थांबल्याने उंची खुंटू शकते. मुलीत आठ वर्षांपूर्वी किंवा मुलात नऊ वर्षांपूर्वी वयात येण्याची लक्षणे दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. गरज असल्यास ही प्रक्रिया काही वर्षे थोपवून धरणारी इंजेक्शने उपलब्ध आहेत.