माबेल्यातील एकाकी सोबत्यासाठी

मस्कतच्या पश्चिमेस, सीब विलायतीच्या इलाख्यातील माबेल्यात रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा भारतात, गावी अकरा झालेले असतात, घरचे झोपेला आलेले असतात. त्यामुळे थकलेला पगार, डोक्यावरचे कर्ज आणि सामायिक खोलीतही न सुटणारा एकांत यांनी खचलेला मनुष्य ‘मी मजेत आहे’ एवढेच बोलून फोन ठेवतो, आणि ते वाक्य घरची मंडळी खरे मानतात.

जेवणाचा डबा न उघडताच पडून राहणे, झोप उडणे, जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा करणे, ही लक्षणे प्रथम खोलीतल्या सोबत्याच्याच दृष्टीस पडतात. ‘जीव नकोसा झालाय का?’ असे स्पष्ट विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत निराधार आहे, उपदेशापेक्षा (आणि उपदेशाची आपल्याला भारी हौस!) हा प्रश्नच अधिक दयाळू होय.

प्राणावर बेतलेला प्रसंग असेल तर ओमानमध्ये 9999 हा क्रमांक फिरवावा. मनोविकारांसाठीचे सरकारी रुग्णालय अमेरात येथे आहे. त्याचे नाव अल मसर्रा, म्हणजे आनंद. पगार किंवा परतीच्या तिकिटाचा पेच असल्यास मस्कतच्या भारतीय वकिलातीकडे अर्ज करावा. अडलेल्यांच्या साहाय्यार्थ 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी उपलब्ध आहे. गावाकडील कुटुंबीयांसाठी ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर, मराठीतूनही, अहोरात्र मिळते.

मदत पोहोचेपर्यंत त्या खचलेल्या माणसाजवळून उठू नका.