पोकळ बुद्धांचे भक्कम शास्त्र

क्योतो प्रांताच्या दक्षिण टोकाला, नाराच्या सीमेलगतच्या डोंगराळ खेड्यात जोरुरि-जी हे मंदिर आहे. तिथल्या नऊ अमिताभ बुद्धांची पाच वर्षे चाललेली डागडुजी २०२३ मध्ये पूर्ण झाली. त्यानिमित्त नारा आणि टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत प्रदर्शने भरली. सोनेरी वर्खाचे कौतुक होणारच. पण मला कुतूहल त्या वर्खाखालच्या लाकडाचे. ११०७ मध्ये बांधलेल्या अकरा खणी दालनात हे नऊ जण एका ओळीत बसले आहेत. मधला सव्वादोन मीटर उंच, बाकीचे सुमारे १.४ मीटर. जपानचा उन्हाळा दमट, हिवाळा कोरडा. इतकी शतके हे ओलेकोरडे सोसून मूर्ती फाटल्या कशा नाहीत?

लाकूड वाळताना सगळीकडून सारखे आकसत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की आकसणे सुरू होते. लांबीत ते नगण्य असते, गाभ्यापासून सालीकडे थोडे आणि वलयांच्या दिशेने त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे ओंडक्याचा घेर जेवढा आवळू पाहतो, तेवढा व्यास कमी होत नाही. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो ते आठवा. तापवून फुगवलेले लोखंडी कडे चाकावर बसवतात, वर पाणी ओतले की ते आवळते आणि अख्खे चाक जखडून टाकते. आता ती धाव लोखंडाऐवजी लाकडाचीच आहे असे समजा. तिला आवळायचे आहे आणि आतले चाक तर दबायला तयार नाही. मग धावच तुटणार! वाळत्या ओंडक्याला सालीपासून गाभ्यापर्यंत भेग जाते ती अशी. (बैलगाड्या कमी झाल्या, पण शिकवायला ही धाव अजून धावते.)

यावर उपाय एकच: आतले चाक काढून टाकायचे. जपानी मूर्तिकार सुरुवातीला अखंड ओंडक्यात मूर्ती कोरून पाठीमागून गाभा पोखरत. पुढे मूर्ती उभी फोडून, आतून कोरून, पुन्हा जोडण्याची रीत आली. अकराव्या शतकात जोचो या मूर्तिकाराने अनेक ठोकळे जोडून मूर्ती घडवण्याचे तंत्र परिपक्व केले. ब्योदो-इन मंदिरातला त्याचा १०५३ चा अमिताभ आजही आहे. गाभा नसलेले ठोकळे निवडता येतात, भिंती पातळ राहतात, लाकूड आतबाहेरून सारखे वाळते. वजन घटते, आणि एकाच वेळी अनेक हातांना काम मिळते ते वेगळेच. जोरुरि-जीच्या हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडातल्या मूर्ती याच परंपरेतल्या. त्यांच्या पोकळीतून अमिताभाच्या छापील प्रतिमांचे कागदही निघाले आहेत.

आता अशी मूर्ती सीटी स्कॅनमध्ये गेली की ‘बुद्धाच्या पोटातले रहस्य उलगडले’ असा मथळा ठरलेलाच. सीटीची किंमत मला कमी करायची नाही. सांधे, खिळे, किड्यांची भुयारे त्यात स्वच्छ दिसतात. पण मथळ्यांच्या गर्दीत कोहारा जिरो यांचे नाव हरवते, याची चुटपुट वाटते. या लाकूडतज्ज्ञाने शेकडो मूर्तींच्या बारीक कपच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. सातव्या शतकातल्या मूर्ती बहुतेक कापराच्या लाकडाच्या. पण क्योतोच्या कोर्यु-जीमधला प्रसिद्ध मैत्रेय लाल पाइनचा निघाला. तो कोरियातून आला का, या वादाला त्यामुळे नवे बळ मिळाले.

पुढची गंमत आणखी मोठी. आठव्या-नवव्या शतकांतल्या अनेक अखंड मूर्ती हिनोकीच्या मानल्या जात. १९९० च्या दशकातल्या फेरतपासणीत त्यांच्या पेशीभित्तींवर जोडीजोडीने जाणारे सर्पिल पट्टे दिसले. ही काया या वृक्षाची खूण. हिनोकीत असे पट्टे नसतात. आणि कायाच का? अकरामुखी अवलोकितेश्वराची मूर्ती चंदनात कोरावी, असे धर्मग्रंथ सांगतो. जपानात चंदन उगवत नाही, म्हणून त्याची जागा कायाने घेतली, असा अभ्यासकांचा तर्क आहे. भारतातल्या सुगंधी झाडाची उणीव जपानी मूर्तीच्या पेशींत अशी नोंदली गेली!

हे सगळे कळले ते नखाएवढ्याही नसलेल्या कपच्यांतून. आपल्याकडेही कार्ल्याच्या चैत्यातल्या लाकडी फासळ्यांपासून वाड्यांच्या खांबांपर्यंत जुने लाकूड आहे. त्याच्या दुरुस्तीच्या प्रत्येक कंत्राटात एक कलम सक्तीचे हवे: निघालेली ढलपी फेकायची नाही; कुठल्या जागेची ते लिहून पाकिटात ठेवायची. त्याला यंत्र लागत नाही, निधीही लागत नाही.