एक विषय, एक आठवडा, एक छायाचित्र

छायाचित्रणाची विद्या आतां प्रत्येकाच्या खिशांत येऊन बसली आहे. पूर्वीं लग्नमुंजींच्या प्रसंगीं फोटोवाल्यास बोलवावें, सर्वांनीं श्वास रोखून उभें राहावें आणि ती तसबीर बैठकीच्या भिंतीवर टांगावी, एवढाच बहुतेक घरांचा तिच्याशीं संबंध असे. आज मोबाईलमुळें दिवसास पन्नास चित्रें निघतात आणि त्यांतील एकही दुसऱ्यांदा पाहिलें जात नाहीं. या उधळपट्टीस आळा घालणारा एक प्रघात अलीकडे हौशी लोकांत रूढ झाला आहे. दर आठवड्यास एक विषय ठरवावयाचा, प्रत्येकानें त्यावर एकच नवें चित्र काढावयाचें आणि सर्वांनीं मिळून एकमेकांच्या चित्रांची चिकित्सा करावयाची. कन्नड तालुक्यांतील आमच्या देवगाव रंगारी येथें तीन-चार घरांतील मंडळींनीं हा क्रम चालविला आहे.

परस्परांचीं चित्रें पारखण्याची चाल मात्र नवी नव्हे. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं होते. पुढें इंग्लंडांतील हौशी मंडळी आपलीं चित्रें टपालानें एकमेकांकडे फिरवीत, आणि ज्याच्या हातीं गठ्ठा येई तो अभिप्राय लिहून तो पुढें धाडी. आमच्या मुलुखापुरतें बोलावयाचें तर मेजर रॉबर्ट गिल यांनीं घेतलेलीं अजिंठा-वेरूळचीं ७४ छायाचित्रें फर्ग्युसनच्या ग्रंथांत १८६४ सालीं प्रसिद्ध झालीं. त्या काळीं काचेवर रसायन ओतून ती ओली असतांनाच चित्र घ्यावें व सुकण्यापूर्वीं तें धुवावें, असा खटाटोप असे. पन्नास चित्रें काढून एक निवडण्याची चैन त्यांस नव्हती. ठरलेला विषय आणि एकच चित्र, या अटीनें तें दुर्भिक्ष मुद्दाम परत आणलें आहे, असें मला वाटतें.

चिकित्सेचा उपयोग कसा होतो तें पाहा. विषय होता 'सावली'. एक विद्यार्थी सकाळीं वेरूळास गेला आणि मळकट, सपाट चित्र घेऊन आला. त्याच्याच वर्गांतील मुलीनें सांगितलें कीं, तेथील लेणीं पश्चिमाभिमुख आहेत. दुपार कलल्यावर जा. तो पुन्हां गेला. दहाव्या लेण्यांत, जें 'सुताराची झोपडी' म्हणून ओळखलें जातें, वरच्या गवाक्षांतून उन्हाची तिरीप बुद्धमूर्तीवर उतरली होती. 'रंग' हा विषय निघाला तेव्हां गांवाच्या नांवास जागून बहुतेकांनीं साड्या व रांगोळ्या आणल्या. एका सुनेनें मात्र चिंचेनें अर्धें घासलेलें तांब्याचें घंगाळ आणलें होतें. अर्धें काळवंडलेलें, अर्धें लालबुंद. मागील विजेच्या तारेकडे नजर पळते, चार अंगुळें डावीकडे सरकावयास हवें होतें, हा आक्षेप तिनें मुकाट्यानें मान्य केला.

अडचण येते ती वडीलधाऱ्यांची. चित्रें नांव न सांगतां दाखवितात. एका रविवारीं घृष्णेश्वराच्या शिखराचें चित्र आलें. त्याच सुनेनें म्हटलें, "असें चित्र देवळाबाहेर विकत मिळतें." नांव उघड झालें तों तें तिच्या चुलतसासऱ्यांचें निघालें! काका कांहीं बोलले नाहींत. पुढील दोन आठवडे त्यांनीं चित्रही दिलें नाहीं. घरांत कुजबूज झाली. थोरांस असें बोलावें काय, हा एक पक्ष. नांव कळेपर्यंत खरें असलेलें वाक्य नांव कळतांच खोटें कसें झालें, हा दुसरा. माझ्या मतें वाक्य खरें होतें, पण अपुरें होतें. दोष दाखविला, वाट दाखविली नाहीं. आमच्या घरांत "छान!" म्हणून सोडून देण्याची जी संवय आहे, ती मात्र याहून घातक, तिनें कोणी रुसत नाहीं आणि कोणाचा हातही सुधारत नाहीं. अखेरीस जो दोष सांगेल त्यानें उपायही सांगावा, असा नियम झाला.

तिसऱ्या आठवड्याचा विषय होता 'वाट पाहणें'. एक चित्र आलें: झांकून ठेवलेलें ताट, तांब्या-भांडें, आणि भिंतीस डोकें टेकून डुलकी घेणारी एक वृद्ध स्त्री. खिडकींतील उजेड नेमका तिच्या हातावर. या वेळीं नांव लपविण्यांत अर्थ नव्हता. काकूंस सर्वांनीं ओळखलें. कोणी कांहीं बोलेना. एरवीं नुसत्या ऐकत बसणाऱ्या काकूच म्हणाल्या, "उजेड ठीक आहे. काढणारा फार उशिरा घरीं आला आहे. उपाय सांगतें: आधीं पानावर बसावें, मग फोटो काढावा."

काकांनीं तें चित्र मोठें करून भिंतीवर लावण्याचें सुचविलें, त्यास काकूंनीं साफ नकार दिला. आपला चेहरा आपल्याला विचारल्यावांचून कोणी टिपूं नये, हा दुसरा नियम त्यांनीं त्याच दिवशीं घालून दिला. पुढील विषय 'उंबरठा' असा ठरला असून काकूंनीं नातवाकडून मोबाईल मागून घेतला आहे.