येथे मेख

आमचे आजोबा अर्जनवीस होते. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या घरी कुणी इंग्रजी नोटीस घेऊन आला की ते ती शेवटाकडून वाचायला घेत आणि पेन्सिलीने समासात मराठी शेरे मारत : ‘मोघम’, ‘मखलाशी’, ‘येथे मेख’. इंग्रजी त्यांचे बेताचेच होते, पण इंग्रजीतली लबाडी कुठल्या जातीची आहे हे त्यांना चटकन कळे.

हे शेरे एकमेकांना पर्यायी नव्हते. वाक्य संदिग्ध असते ते लिहिणाऱ्याच्या ढिसाळपणामुळे, मोघम असते ते त्याच्या हुशारीमुळे. मेख त्याहून वाईट. तिथे मजकूर स्वच्छ दिसतो, पण एक शब्द असा ठोकलेला असतो की पुढे सगळा करार त्याच्याभोवती फिरतो.

ग्वाल्हेरला हा धडा फार महागात पडला. 30 डिसेंबर 1803 रोजी सुर्जी अंजनगावला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. शिंद्यांच्या ज्या मांडलिकांशी इंग्रजांनी करार केले असतील ते कायम राहतील, असे एक कलम त्यात होते. नावांची यादी मात्र नंतर मिळणार होती. मोघमपणा तो हाच. यादी करायची वेळ आली तेव्हा गव्हर्नर-जनरल वेलस्लीने ग्वाल्हेर आणि गोहद दोन्ही त्या कलमात बसवले. गोहदच्या राण्याचे राज्य तर महादजी शिंद्यांनी कधीच घेतले होते, मग करार कुणाशी, असा दरबाराचा सवाल. गंमत अशी की तह करणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे गव्हर्नर-जनरलचा सख्खा भाऊ, आणि दरबारी पाठवलेला माल्कम, दोघांनाही शिंद्यांचे म्हणणे रास्त वाटत होते. तरी ग्वाल्हेरचा किल्ला गेलाच.

नोव्हेंबर 1805च्या तहाने तो परत मिळाला. पण कसा? शिंद्यांचा हक्क कंपनीने आजवर मानलेला नाही, तरी स्नेहापोटी देत आहोत, अशा भाषेत. मखलाशीचा याहून चोख नमुना मला ठाऊक नाही. 1810 मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्याचे ‘लष्कर’ हे शहर झाले, आणि त्याच लष्करात आमचे जयेंद्रगंज आहे. म्हणजे आमचा पत्ताही त्या ‘स्नेहा’चा देणेकरी!

29 डिसेंबर 1843ला महाराजपूर आणि पनिहारला इंग्रजांशी झालेल्या लढाया ग्वाल्हेरने गमावल्या, आणि जानेवारी 1844च्या तहात मेख ठरणारा शब्द आला : ‘ॲडव्हाइस’. गादीवरचे जयाजीराव शिंदे अज्ञान होते. कारभाऱ्यांनी रेसिडेंट जो सल्ला देईल त्याप्रमाणे चालावे, असे ठरले. सल्ला म्हटले की नाकारायची मुभा त्यात आलीच, ही आपली समजूत. इथे ती मुभा काढून घेऊन नाव तेवढे शिल्लक ठेवले होते. न्यायशास्त्रात अशा प्रकाराला ‘छल’ म्हणतात. ‘नवकंबल’ म्हणजे नवे कांबळे असलेला की नऊ कांबळी असलेला, असा घोळ घालणारा वादी गौतमाच्या न्यायसूत्रांवरील भाष्यापासून ओळखीचा आहे. आपला ‘शब्दच्छल’ त्याच घराण्यातला.

पुढे 1946 साली ऑरवेलने इंग्रजीच्या या खोडीवर गाजलेला निबंध लिहिला. त्याचा जन्म बिहारातल्या मोतीहारीचा. गोऱ्या साहेबांच्या कागदांचा वास त्याला वेगळा शिकवावा लागला नसणार.

आता नोटिसा मोबाइलवर येतात. ‘अप टु’ पन्नास टक्के सूट म्हणजे एक टक्काही चालतो. ‘मे’ म्हणजे ‘करू शकेल’ की ‘करील’, यावर कोर्टात आजही दिवस जातात. ‘सँक्शन’ तर औरच : बँक कर्ज सँक्शन करते आणि अमेरिका इराणवर सँक्शन लावते. परवा भाच्याने घरभाड्याचा इंग्रजी करार वाचायला दिला. अकरा पाने होती. मी शेवटाकडून सुरुवात केली, आणि नवव्या पानावर, अनामत रकमेच्या कलमापाशी, पेन्सिल थांबली.