भंगारातील मोटार आणि तिचे मोजके पाऊल

मार्कंड्यास महाशिवरात्रीच्या यात्रेला गेलेला मनुष्य देवळाच्या भिंतींवरील शिल्पांपुढे थबकल्यावाचून राहत नाही. ज्या पाथरवटांनी ती घडविली त्यांची छिन्नी एक घाव घाली, मग डोळा पाही आणि नंतरच दुसरा घाव पडे. हात, डोळा व पुन्हा हात, हे जे चक्र, तेच यंत्राच्या हालचालीवर ताबा ठेवण्याचे मूळ होय.

सागवानावर नक्षी कोरणारे लहानसे यंत्र घरीच बांधावे असे एखाद्या आयटीआय झालेल्या मुलाच्या मनात येते. तयार यंत्राची किंमत झेपत नाही. अशाने प्रथम भंगारवाल्याकडे जावे. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरात स्टेपर मोटार सापडते. विजेच्या प्रत्येक ठोक्याला ती ठरावीक अंशच सरकते. पुष्कळ मोटारींत हा अंश 1.8, म्हणजे एका फेऱ्यास 200 पावले. काही हलक्या मोटारींत 7.5, म्हणजे 48 पावले. आठ मिलिमीटर जाडीच्या साध्या आट्यांच्या गजाला एका फेऱ्यास 1.25 मिलिमीटर चाल असते. तो गज 200 पावलांच्या मोटारीस जोडला की एका पावलास 0.00625 मिलिमीटर! या आकड्यावर मात्र कोणी भाळू नये. नट आणि गज यांतला झोल त्याच्या कितीतरी पट असतो.

मोटारीला चारच तारा असतील तर जोड्या ओळखण्यास मीटरही लागत नाही. दोन तारांची टोके एकत्र धरून दांडा बोटांनी फिरवावा. तो जड झाला की ती एका वेटोळ्याची जोडी.

पण ही मोटार आंधळी आहे. लाकडात गाठ लागून ती अडली तर पावले हुकतात. नियंत्रक ती पडलीच असे धरून पुढे जातो आणि सारी नक्षी सरकते. पाथरवटाचा डोळा येथे नाही. फिरलेला कोन मोजणारा एन्कोडर बसवून तो दिला, म्हणजे सर्व्होची रीत आली. बल्लारपूरला आहे तशा कागद गिरणीत ओला कागद एका भागातून दुसऱ्यात ओढला जातो. भागाभागांतील वेगाचे प्रमाण बिघडले की कागद तुटतो किंवा त्याला झोळ पडतो. म्हणून तेथे वेग सतत मोजून सुधारावा लागतो.

कोरणारे हत्यार फिरविण्यास काही जण मिक्सरची मोटार घेतात. ती बिनभाराची सोडली तर वेग भलताच चढतो, हे ध्यानात असावे. वर जाळी हवीच. चालू ड्रायव्हरची तार उपटू नये, तो जळतो. आणि थांबविण्याचे बटण संगणकाला नुसता निरोप देणारे नसावे; त्याने मोटारींची वीजच तोडली पाहिजे. कामगारांच्या सभांतून आम्ही वर्षानुवर्षे मागत आलो ते हेच, की बटण यंत्राच्या पाठीमागे नको, उभ्या माणसाच्या हाताशी हवे. घरच्या पडवीत ते बसवायला कोणा मालकाची परवानगी लागत नाही.