आपत्ती एका देशाची, धावपळ साऱ्या युरोपची

डॅन्यूब नदी दहा देशांतून वाहत काळ्या समुद्राला मिळते. तिच्या पुराला राष्ट्रांच्या सीमा ठाऊक नसतात. वणवा आणि भूकंप यांचेही तसेच. त्यामुळे आपत्तीशी एकेकट्याने झुंजण्याऐवजी साधनसामग्री एकत्र आणण्याचा मार्ग युरोपीय राष्ट्रांनी पत्करला. २००१ मध्ये स्थापन झालेली युरोपीय महासंघाची नागरी संरक्षण यंत्रणा हे त्याचेच फलित होय. महासंघाच्या २७ सदस्य देशांखेरीज नॉर्वे, आइसलँड, सर्बिया, तुर्कस्तान, युक्रेन आदी दहा देश तीत सहभागी आहेत.

मदत कशी पोहोचते?

आपत्तीनिवारणाची पहिली जबाबदारी त्या त्या देशाचीच असते. मात्र स्वतःचे बळ अपुरे पडल्यास तो देश ब्रुसेल्स येथील आपत्कालीन प्रतिसाद समन्वय केंद्राकडे मागणी नोंदवतो. अहोरात्र चालणारे हे केंद्र ती मागणी इतर देशांना कळवते. कोणी विमाने देऊ करतो, कोणी शोधपथके, तर कोणी पाणी उपसणारे शक्तिशाली पंप. त्यातून आवश्यक तेवढेच स्वीकारले जाते आणि वाहतूक खर्चाचा मोठा वाटा महासंघ उचलतो. युरोपबाहेरील देशही ही मदत मागू शकतात. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत भारताला याच मार्गाने युरोपीय देशांकडून प्राणवायूची सामग्री, औषधे व व्हेंटिलेटर मिळाले होते.

ऐच्छिक सहकार्याची मर्यादा

ही व्यवस्था शेजाऱ्याकडे साधने मोकळी असतील, या गृहीतकावर उभी होती. २०१७ मध्ये ते कोसळले. पोर्तुगालमधील वणव्यांत त्या वर्षी शंभरहून अधिक लोकांचा बळी गेला. त्याच हंगामात दक्षिण युरोपातील इतर देशही आगींशी झुंजत होते. साहजिकच देण्याजोगी विमाने फारशी उरली नव्हती. या अनुभवातून २०१९ मध्ये 'रेस्क-ईयू' हा राखीव साठा उभारण्यात आला. अग्निशामक विमाने व हेलिकॉप्टर यांपासून सुरुवात झालेल्या या साठ्यात पुढे वैद्यकीय सामग्रीचीही भर पडली. त्याचा खर्च प्रामुख्याने महासंघ करतो.

प्रतिबंधाची बाजू

मदतीइतकेच महत्त्व पूर्वतयारीला आहे. २००२ मध्ये एल्ब व डॅन्यूब नद्यांना आलेल्या महापुरांनंतर युरोपीय पूर पूर्वसूचना प्रणालीचे काम हाती घेण्यात आले. २००७ च्या निर्देशानुसार पूरधोक्याचे नकाशे आणि व्यवस्थापन आराखडे तयार करणे सदस्य देशांवर बंधनकारक झाले. एकाहून अधिक देशांतून वाहणाऱ्या नद्यांबाबत परस्पर समन्वयही अपेक्षित आहे. वरच्या देशाने बांध घालून आपले संकट खालच्या देशावर ढकलू नये, हा त्यामागील हेतू.

तरीही साखळीतील एक कडी कच्ची राहते. जुलै २०२१ मध्ये जर्मनी व बेल्जियममध्ये आलेल्या पुराने ते दाखवून दिले. पूर्वसूचना प्रणालीने काही दिवस आधीपासूनच संबंधित देशांच्या यंत्रणांना इशारे दिले होते. बेल्जियमच्या मदतीला फ्रान्स, इटली व ऑस्ट्रिया यांची पथकेही धावली. परंतु जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात अनेक रहिवाशांपर्यंत धोक्याची सूचना वेळेवर वा नेमकेपणाने पोहोचली नाही. एकट्या जर्मनीत १८० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेनंतर, फेब्रुवारी २०२३ पासून, जर्मनीने धोक्याच्या क्षेत्रातील सर्व मोबाइल फोनवर एकाच वेळी इशारा पाठवणारी सेवा सुरू केली.

ब्रुसेल्समधून विमाने पाठवता येतात, नकाशे व अंदाजही पुरवता येतात. मात्र नदीकाठी घरे बांधू द्यायची की नाही आणि मध्यरात्री गाव केव्हा रिकामे करायचे, हे निर्णय स्थानिक प्रशासनालाच घ्यावे लागतात. युरोपीय सहकार्याचे यश अखेर तेथेच ठरते.