यकृताची गोष्ट – लेखांक ९ : रक्तात नाही, यकृतात आहे

यकृत बिघडलं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘घेता का?’ नाही म्हणणाऱ्याकडे घरचेसुद्धा जरा संशयानेच पाहतात. पण दारू नाही, वजन आटोक्यात, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह, आणि तरी एसजीपीटी वर्षानुवर्षं चढलेलं, असे रुग्ण असतात. त्यांच्या फायलीत शेवटी ‘कारण अज्ञात’ असं लिहिलं जातं.

मागच्या लेखांकात आपण ‘ए नव्हे, बी नव्हे’ एवढीच ओळख असलेली कावीळ पाहिली. १९८९मध्ये सी विषाणू सापडला आणि त्यातल्या बहुतेक रुग्णांच्या दुखण्याला नाव मिळालं. मग जे उरले, त्यांचं काय?

माद्रिदमधल्या विसेंते कारेन्यो यांच्या गटाने अशाच १०० जणांच्या यकृताचा सुईने काढलेला तुकडा तपासला. रक्तात सी विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं नव्हती, विषाणूचा आरएनएही नव्हता. यकृतात मात्र ५७ जणांकडे तो आरएनए मिळाला. २००४मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत!

तो आरएनए म्हणजे जुन्या आजाराचा उरलेला कचरा असेल, अशी शंका येते. सी विषाणू स्वतःच्या प्रती काढताना आधी आरएनएची उलटी प्रत तयार करतो, साच्यासारखी. ५७पैकी ४८ जणांच्या यकृतात हा साचाही होता. म्हणजे छापखाना चालू होता, फक्त छपाई इतकी थोडी की रक्तापर्यंत काही पोचत नव्हतं. ४० जणांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये मात्र विषाणूचा माग लागला. नेहमीच्या चाचणीत रक्तातला द्रव तपासतात, या पेशी नाहीत.

मग प्रतिकारशक्तीला काहीच कळलं नव्हतं का? तिचे दोन हात असतात. एक प्रतिपिंडं बनवतो. आपल्या चाचण्या तीच शोधतात. दुसरा हात टी-पेशींचा. त्या विषाणूचे तुकडे ओळखतात आणि लक्षात ठेवतात. याच गटाने पुढे या रुग्णांच्या टी-पेशींना सी विषाणूची प्रथिनं दाखवली. अनेकांच्या पेशी ती ओळखून वाढू लागल्या, आणि हे नेहमीच्या जुनाट हिपॅटायटिस सीपेक्षा जास्त रुग्णांत दिसलं. कदाचित याच पहाऱ्यामुळे विषाणू दबून राहिला असावा. पण पहारा म्हणजे सततची झटापट, आणि तिची झळ यकृताला लागू शकते.

इथे थोडं थांबायला हवं. सगळ्या प्रयोगशाळांना असे आकडे मिळाले नाहीत. इतक्या सूक्ष्म प्रमाणात शोध घेताना नमुन्यात भेसळ होण्याचीही भीती असते. त्यामुळे वाद मिटलेला नाही. यकृतातली चरबी, स्वप्रतिकारक आजार, तांबं साठवणारा विल्सनचा आजार, औषधं आणि काढे यांची तपासणी आधीच व्हायला हवी. लपलेला विषाणू शोधायचा तो त्यानंतर.

‘निगेटिव्ह’ म्हणजे त्या नमुन्यात, त्या चाचणीला सापडलं नाही, एवढंच. ‘कारण अज्ञात’ हा शेराही तारीख घालूनच वाचावा.

पुढच्या आठवड्यात: बी विषाणू. तो लपतो थेट यकृतपेशीच्या केंद्रकात, आणि कर्करोगाची काही औषधं पहारा ढिला करतात तेव्हा पुन्हा डोकं वर काढतो.